मिळकतीची राखण

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांची, आणि पुढे कोथरूड, औंध, वाकड या बाजूंच्या सदनिकांची भाडेवसुली, दुरुस्ती आणि कोर्टकचेरी मालकांच्या वतीने सांभाळण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याला घरमालकाची मुख्य अडचण कोणती असे विचारणाऱ्याची अपेक्षा बहुधा भाडे थकवणाऱ्या आणि जागा अडवून बसणाऱ्या भाडेकरूंच्या हकिकती ऐकण्याची असते. तशा हकिकती माझ्या दप्तरात आहेत आणि त्यांतील काही खरोखरीच क्लेशकारक आहेत. परंतु इतकी वर्षे हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, घर उभे ठेवण्यास जो खर्च येतो तो भाड्याच्या हिशोबात कोणीच धरत नाही. कायद्याने तो धरला नाही, मालकाने धरला नाही, भाडेकरूनेही धरला नाही. आणि मालक व भाडेकरू यांच्यामधले जे वैर आपण स्वभावदोषाच्या खाती मांडतो, त्यातील मोठा भाग या न धरलेल्या खर्चातूनच उत्पन्न होतो.

मी हे काम ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सदाशिव पेठेतील एका घराण्याचे दिवाणजी होते. त्यांच्या दप्तरात रोजकीर्द आणि खतावणी तर होतीच, शिवाय भाडेपावत्यांच्या स्थळप्रती सालवार बांधून ठेवलेल्या असत. आणि यांखेरीज प्रत्येक बिऱ्हाडाची एक स्वतंत्र वही असे. तीत त्या खोल्यांची कौले केव्हा चाळली, गिलावा कुठे धरला, कोणत्या तुळईला कोणत्या साली वाळवी लागली, याच्या मितीवार नोंदी. भाडेकरूला भाडे घेऊन खाली बोलवावयाचे नाही, आपण जिना चढून वर जावयाचे, हा त्यांचा दंडक होता. आरंभी मला तो केवळ सौजन्याचा भाग वाटे. पुढे ध्यानात आले की भाडे घेण्याच्या निमित्ताने दर महिन्याला त्यांची नजर छतावरून आणि भिंतीच्या पायथ्यावरून फिरून येत असे, आणि ‘काय नाना, या पावसाळ्यात कुठे ठिबकतेय का?’ या एका प्रश्नाने जे कळे ते पुढे नोटिशीच्या उत्तरातून कळण्याची वेळ येत नसे.

भाडेनियंत्रणाच्या कायद्याविषयी मालकवर्गात जी एकतर्फी निंदा चालते तिच्यात मी कधी सामील झालो नाही. महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर शहरांत जागेची जी भयंकर टंचाई झाली, तीत सामान्य माणसाला बेघर होऊ न देण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला, आणि तो आला नसता तर गिरगावात व आमच्या पेठांत ज्या मध्यमवर्गाने मुलांना शिकवून मोठे केले त्या वर्गाला पायाखाली जमीनच राहिली नसती. हे उपकार विसरता कामा नयेत. परंतु या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः प्रमाण भाडे म्हणून कायम केले. आणि जो कायदा मुदतीचा म्हणून आला होता त्याची मुदत वारंवार वाढत गेली. चुना, सागवान, गवंड्याची मजुरी आणि नगरपालिकेची पट्टी यांनी मात्र १९४० साली थांबण्याचे मान्य केलेले नव्हते. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे आता अवाजवी व मनमानी ठरले असल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात एकवार शेकडा ५ ची आणि पुढे दरसाल शेकडा ४ ची वाढ करण्याची मोकळीक मिळाली. ज्या बिऱ्हाडाचे भाडे महिना १२ रुपये होते, ते या हिशोबाने वीस वर्षांनी सत्तावीस-अठ्ठावीस रुपयांवर पोहोचते.

या आकड्यांचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे एका वाड्याच्या उदाहरणाने सांगतो.

वाडा दुमजली, विटा-मातीचा, लाकडी खांब-तुळयांवर उभा, मधे चौक. मालकीणबाई विधवा होत्या आणि स्वतः तळमजल्यावरील दोन खोल्यांत राहत. वर आणि मागे मिळून सात बिऱ्हाडे होती. सबंध वाड्याचे मासिक उत्पन्न शंभराच्या आत, आणि लोक मात्र त्यांना वाडेवाल्या म्हणत. वरच्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर, एका सेवानिवृत्त शिक्षकांचे बिऱ्हाड होते. मूळ वाड्यात वर मोरी नव्हती. असे वाडे एका कुटुंबासाठी बांधलेले असत. न्हाणीघर, विहीर, आड, सारा पाण्याचा व्यवहार तळमजल्यावर. कुटुंबाच्या जागी बिऱ्हाडे आली तेव्हा प्रत्येकाला खोलीच्या कोपऱ्यात मोरी हवी झाली, ती कडीपाटावर फरश्या घालून करण्यात आली, आणि ज्या तुळईला आयुष्यात कधी पाणी ठाऊक नव्हते तिच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी वर्षानुवर्षे ओल मुरत राहिली. तुळई मधून कुजत नाही, टोकाशी कुजते, आणि ते टोक भिंतीच्या आत असल्याने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वाडे पडतात ते बहुधा याच ठिकाणाहून.

त्या वर्षी ज्येष्ठ सरता सरता स्वयंपाकघराच्या छतातून माती गळू लागली. मी सुताराला घेऊन गेलो. त्याने भिंतीलगतचा गिलावा उकरला, तुळईच्या टोकावर पटाशी ठेवली आणि हातोडा न मारता नुसत्या तळव्याने दाबली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. भुशासारखा काळा चुरा त्याच्या मनगटावर पडला. मालकीणबाई चुलीपाशी उभ्या होत्या, मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

‘मास्तर, ही मोरी मुळात नव्हती,’ त्या म्हणाल्या.

‘नव्हती, वहिनी. पण तुमच्या मामंजींनी होकार दिला होता. त्यांच्या शब्दावर मी पदरचे पैसे घातले.’

‘मामंजींचा तो होकार मी कुठल्या कागदावर वाचू?’

दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांच्याही हातात काही नव्हते. कायद्याप्रमाणे घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची; तो न करील तर नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असू नये. मास्तरांचे भाडे १२ रुपये, वर्षाचे १४४, चौथा हिस्सा ३६ रुपये. तुळईखाली लोखंडी गर्डर घालून मोरी बाहेरच्या भिंतीशी नेण्याचा गवंड्याने जो अंदाज दिला तो सबंध वाड्याच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाहून जास्त होता. मालकीणबाईंनी तो खर्च करावा म्हटले तर त्यांच्यापाशी पतीच्या निवृत्तिवेतनाखेरीज काही नव्हते. मास्तरांनी करावा म्हटले तर दुसऱ्याच्या मिळकतीत आपल्या मुलीच्या लग्नाची पुंजी घालण्यासारखे होते.

पैशापेक्षाही मोठा अडसर भयाचा होता. मास्तरांना वाटे, दुरुस्तीसाठी महिनाभर खोली मोकळी केली की पुन्हा आत येता येणार नाही. पेठेत असे झाल्याची उदाहरणे त्यांना ठाऊक होती, आणि मलाही होती. मालकीणबाईंना वाटे, मोरीच्या कामासाठी मास्तरांकडून एक पैसा जरी घेतला, तरी विनापरवाना बांधकामाला आपण संमती दिली असा अर्थ उद्या कोर्टात लावला जाईल. शेवटी उभय पक्षांच्या वकिलांना एकत्र बसवून एक करारनामा केला: कोणाच्याही हक्कांस बाध न येता, अमुक काम, अमुक मुदतीत, काम चालू असता मास्तरांचे सामान त्यांच्याच कुलपात एका खोलीत राहील, खर्चाचा निम्मा भाग मालकीणबाई हप्त्यांनी देतील, उरलेला वरच्या मजल्यावरील तीन बिऱ्हाडे वाटून घेतील. गर्डर बसला. त्या कागदावर सह्या होण्यास गर्डर बसण्याहून कितीतरी अधिक काळ लागला, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण घर राखण्याचे निम्मे श्रम अशा भयांची समजूत घालण्यात खर्ची पडतात आणि त्यांची पावती कोठेच फाटत नाही.

सर्वत्र असे झाले नाही. कित्येक मालकांनी दुरुस्ती न करण्यालाच धोरण केले. छपराची कौले फुटू द्यावीत, नळाची गळती वाहू द्यावी, आणि वाडा धोकादायक असल्याची महापालिकेची कलम २६४ खालील नोटीस लागण्याची वाट पाहावी, म्हणजे भाडेकरू आपोआप उठतील आणि जागा बांधकाम व्यावसायिकाच्या हाती मोकळी देता येईल, असा तो विचार. हा विचार मी अधम मानतो. टेकू लावलेल्या छताखाली लहान मुले झोपलेली मी पाहिली आहेत. ज्यांना पर्याय नाही अशा माणसांच्या डोक्यावर घर मोडकळीस आणणे हा मालकी हक्काचा भाग होऊ शकत नाही. आणि ज्यांनी शेजारीच स्वतःची सदनिका घेऊन ती भाड्याने दिली, पण वाड्यातील खोलीला कुलूप लावून पुनर्बांधणीच्या हिश्शासाठी हक्क तेवढा धरून ठेवला, अशा भाडेकरूंविषयीही माझे मत याहून सौम्य नाही.

मालकांच्या बाजूला आणखी एक दुर्दैव असते, ते वारसांचे. आजोबांच्या नावची मिळकत तिसऱ्या पिढीत आठ-दहा नावांवर येते. त्यांतील दोघे परगावी, एक परदेशी, दोघांमध्ये वाटपाचा दावा चालू. भाडे कोणी घ्यावे यावर तंटा होतो, परंतु कौले कोणी चाळावीत यावर होत नाही, कारण ते करण्यास कोणीच तयार नसते. मिळकत पत्रिकेवर वारसनोंद न झाल्याने कर्ज मिळत नाही, परवाना मिळत नाही, आणि भाडेकरूला पावती कोणाच्या सहीची घ्यावी हेच कळत नाही. अशा वेळी तो मनीऑर्डर करतो. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येते, आणि तो कागद तो जपून ठेवतो, कारण भाडे देण्यास आपण सदैव तयार होतो याचा तोच पुरावा. भाडे देण्यास तयार असणाऱ्याला थकबाकीच्या कारणाने उठवता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वीही मालकाला नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मनीऑर्डर नाकारून भाडेकरू थकबाकीदार ठरेल अशी मालकाची समजूत असते, आणि ती त्याचा दावा बुडवते.

मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर वाजवी व खरी गरज सिद्ध करावी लागते. असा एक दावा खालच्या कोर्टात, मग जिल्हा न्यायालयात, मग उच्च न्यायालयात इतका रेंगाळला की ज्या मुलासाठी जागा मागितली होती त्याने नाशिकला नोकरी धरून तेथेच घर बांधले, आणि प्रतिवादीच्या वकिलांनी मूळ गरजच आता उरली नाही असे म्हणणे मांडले. कायद्याच्या दृष्टीने ते म्हणणे गैर नव्हते. ज्या विलंबाने गरज संपली त्याची भरपाई मात्र कोणत्याही हुकूमनाम्यात नव्हती.

वाड्यांनंतर सदनिका आल्या. १९७३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर राहत असलेल्या इसमांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, आणि तेव्हापासून घर भाड्याने देणे म्हणजे घर गमावणे अशी धास्ती मालकांच्या मनात इतकी खोल बसली की हजारो कुटुंबे खोलीच्या शोधात फिरत असताना अनेकांनी आपल्या सदनिका वर्षानुवर्षे कुलपात ठेवल्या. १९९९ च्या कायद्याने यातून वाट काढली: परवान्याची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते, मात्र करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते. तरीही अकरा महिन्यांचा करार मुद्रांकावर टंकून खिशात ठेवणारे मालक मला आजही भेटतात. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा जुना समज त्यांच्या हाडीमाशी खिळला आहे, आणि तो त्यांना कोणत्या दिवशी महाग पडेल हे सांगता येत नाही.

सदनिकेकडे जो गुंतवणूकदार येतो तो वाड्याच्या मालकापेक्षा वेगळा आहे. त्याला ही मिळकत वारशाने आलेली नाही; त्याने ती विचारपूर्वक, बहुधा कर्ज काढून घेतलेली आहे, आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता भागेल असे त्याला विकणाऱ्याने सांगितलेले आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला मी एक हिशोब कागदावर करून दाखवतो. समजा सदनिका ८० लाखांची आणि भाडे २२,००० रुपये. वर्षाचे २,६४,००० झाले, म्हणजे शेकडा ३.३. त्यातून एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा एक रिकामा महिना वजा करा, मध्यस्थाची एका महिन्याची दलाली वजा करा. सोसायटीची देणी ४२,००० धरा, मिळकतकर १८,००० धरा (स्वतः राहणाऱ्या मालकाला पुण्यात जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही), आणि रंग, नळ, विजेची कामे यांची सरासरी ३०,००० धरा. हाती १,३०,००० उरतात: शेकडा १.६ च्या आसपास. कर्ज मात्र याहून कितीतरी चढ्या व्याजाचे. तरी यात प्राप्तिकर धरलेला नाही. किंमत वाढेल या भरवशावर घर घेण्यास माझी हरकत नाही. परंतु भाड्यावर घर पोसले जाईल या भरवशावर घेतलेले घर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उपेक्षित होते, कारण मालकाला त्यात आणखी एक रुपया घालणे जिवावर येते.

आणि येथेही पाणी वरूनच येते. वाकडला एका सातव्या मजल्यावरील सदनिकेत एक तरुण जोडपे राहत होते, घरात तान्हे मूल. न्हाणीघराच्या छताला प्रथम पिवळट डाग पडला, मग त्याची कड काळी झाली, मग शेजारच्या खोलीतल्या कपाटाची पाठ फुगून आली आणि मुलाच्या दुपट्यांना बुरशीचा वास येऊ लागला. मालक परदेशी, वरच्या सदनिकेचे मालकही गुंतवणूकदार, तेही परगावी, वर राहणारे चार नोकरदार मुलगे, ज्यांना आपल्या पायाखाली काय झिरपते याची कल्पना नव्हती. सोसायटी म्हणे, एका सदनिकेच्या न्हाणीघराची गळती दुसऱ्या सदनिकेत उतरली तर तो त्या दोन सभासदांमधला प्रश्न, आणि उपविधींप्रमाणे तिचे म्हणणे खरे होते. वरचे मालक म्हणत, फरशी उखडली तर माझे भाडेकरू जातील. आमचे मालक म्हणत, मी दुसऱ्याच्या चुकीचा खर्च का सोसू? या सगळ्यांत त्या घरात प्रत्यक्ष श्वास घेणारे कोणी असेल तर ते मूल होते, आणि निर्णयाच्या संभाषणात त्याच्या आईबापांना कोणी विचारत नव्हते. मी मालकांना स्पष्ट लिहिले की वरची फरशी दुरुस्त होईपर्यंतचे निम्मे भाडे सोडावे आणि भिंत आपल्या खर्चाने सुकवून घ्यावी; पैसे कोणाकडून परत मिळवायचे तो वाद नंतर चालवता येईल. त्यांनी ते मानले, आणि ते जोडपे पुढेही तेथेच राहिले.

भाडेकरू निवडताना जे चालते त्याविषयीही लिहिले पाहिजे. अविवाहित मुलगी आहे, धर्म निराळा आहे, आडनाव अमुक आहे, ताटात मासे-मटण असते, या कारणांनी जागा नाकारण्याच्या सूचना मला मालकांकडून आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांकडून मिळत आल्या आहेत, कधी उघड तर कधी ‘आपल्यातलेच बघा’ या शब्दांत. मी त्या पाळल्या नाहीत आणि त्यापायी काही मिळकती माझ्या हातून गेल्या. पगाराचा दाखला, मागील घरमालकाचा अनुभव, पोलिसांकडची नोंद, एवढे पाहण्याचा अधिकार मालकाला निश्चित आहे. याच्या पलीकडे जो शोध चालतो त्याचा घर सुरक्षित राहण्याशी संबंध नाही. माझ्या दप्तरातील सर्वांत स्वच्छ राखलेली घरे अशाच लोकांनी राखलेली आहेत ज्यांना इतर चार ठिकाणी दार मिळाले नव्हते.

२०२१ साली केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, आणि कोणती दुरुस्ती मालकाची, कोणती भाडेकरूची, याची यादीच परिशिष्टात दिली आहे. हा नमुना आहे. राज्यांनी स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. पण ती यादी मला मोलाची वाटते, आणि तशी यादी मी करारांना स्वतःहून जोडत आलो आहे: भिंती व बाहेरचा रंग, नळवाहिन्या, वीजवाहिन्या मालकाकडे, नळाचे वायसर, दिव्याची बटणे, दाराच्या कड्या राहणाऱ्याकडे. किल्ली देताना प्रत्येक खोलीची पाहणी उभयतांच्या समक्ष होते, भिंतीवरील आधीचे खिळेसुद्धा लिहिले जातात, आणि घर सोडताना तोच कागद पुढे ठेवून अनामतीचा हिशोब होतो. ज्या ठिकाणी हा कागद आहे तेथे अनामतीवरून भांडण क्वचितच झाले.

याच्या जोडीला अलीकडे मी मालकांना एक अट घालतो. दरसाल दोन महिन्यांचे भाडे दुरुस्तीच्या खाती वेगळे पडले पाहिजे, ते त्यांच्याच नावे राहील, परंतु घराखेरीज अन्यत्र वापरले जाणार नाही, आणि गळती, वीज वा भिंतीचे काम निघाल्यास मला परवानगीसाठी थांबावे लागणार नाही. काहींनी ही अट आनंदाने मानली. त्यांच्या घरांत पाच-पाच, सात-सात वर्षे एकच कुटुंब राहते आणि रिकामा महिना येत नाही. काहींना ती जाचक वाटते, ते म्हणतात की मोडले की मग पाहू. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांचे कुलमुखत्यारपत्र, किल्ल्या आणि घराची वही त्यांच्या हवाली करून पोच घेतो.